कानबाईच्या नथीला सिलिकेट

सुरतेतल्या बमरोलीच्या डाइंग मिलमध्ये सिलिकेटचे ड्रम सांभाळणारा, धुळ्याकडचा निंबा तसा साधा माणूस. पण त्या ड्रमांचा विषय निघाला की त्याला आवरणं मुश्कील! डाइंग मास्तरांकडून चार गोष्टी काय शिकला, वस्तीभर मिरवू लागला. "वाळू, वीट, अभ्रक, बशी, सगळी एकाच कुळातली. सिलिकॉनचा एक अणू, त्याला चारी अंगांनी चार ऑक्सिजन. वाळू नि सोडा भट्टीत वितळवा, मग पाण्यात विरघळवा, झालं सिलिकेट. वाळलं की काच!" त्याला येताना पाहून लोक रस्ता बदलायचे.

शहाण्णवच्या श्रावणात त्याच्या घरी कानबाई बसली. खानदेशी माणसं सुरतेत आली तशी ही देवीही आली. रविवारी नारळाला डोळे, नाक, नथ लावून बसवायची, सोमवारी नथ काढून घेऊन देवी तापीत सोडायची. नथ होती निंबाच्या सासूची, सुभद्राबाईंची, तीन पिढ्यांची. दरवर्षी मेणानं लावायचे, दरवर्षी ती पडायची. "यंदा हलली तर नाव बदला," निंबा म्हणाला.

नाहीच हलली! सोमवारी तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, त्याच्या बायकोनं, उज्ज्वलानं, ओढून पाहिली. नथ वाकली, पण सुटेना. "देवीलाच हवीय, जाऊ द्या!" बायका म्हणाल्या आणि जोरात आरती सुरू झाली. सुभद्राबाईंचा चेहरा उतरला, पण देवीपुढे बोलणार कोण?

निंबाला कळून चुकलं, गप्प राहावं तर नथ कायमची गेली. "देवीनं नाही हो धरली," तो ओरडला, "मी चिकटवली, मिलच्या सिलिकेटनं!" आणि नारळ घेऊन थेट कमरेएवढ्या पाण्यात शिरला. नुसतं वाळलेलंच तर आहे, पाण्यात परत विरघळेल, एवढीच आशा.

इतरांच्या कानबाया गेल्या, ढोल गेले, आणि हा बापडा देवीला नाकापर्यंत बुडवून उभा! बोटं पांढरी पडली, दात वाजू लागले. "काका, छोडी दो ने!" नावाडी हसत म्हणाला. पाऊण तासानं नथ सुटून हातात आली.

काठावर येऊन त्यानं नथ सासूपुढे केली. सुभद्राबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जावयासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ती बाई, त्याच पदरानं त्याचं डोकं खसाखसा पुसत कडाडली, "नथ गेली असती तर गेली असती, जावईबापू! तुमचा पाय घसरला असता, तर माझ्या पोरीनं काय सिलिकेटशी संसार केला असता?"