नापास ड्रायव्हर संघप्रिया

मी संघप्रिया, अकोल्याची. राहते आखातात, गुदैबियात, नोकरी जवळच्याच झिंजमधल्या एका दातांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर. नवरा, अश्वजित, रोज सोडायचा तोवर मी राणी होते. मग त्याची शिफ्ट बदलली. पहाटेच कंपनीची बस त्याला घेऊन जाऊ लागली, गाडी खाली उभी राहिली आणि राणी पायी निघाली. ऑगस्टात मी काउंटरवर पोचायचे तेव्हा पेशंट स्वतःची दाढ विसरून मलाच पाणी विचारायचे.

म्हणून गाडी शिकायचं ठरवलं. अकोल्यात स्कूटी चालवायचे, तेवढ्यावर माझी छाती फुगलेली. शिकवणाऱ्या शरीफुन्निसाबाईंनी माझ्या पहिल्याच ब्रेकला अल्लाचं नाव घेतलं, आणि पुढं प्रत्येक ब्रेकला घेत राहिल्या.

पहिल्या टेस्टला वळले ती थेट अकोल्यासारखी डाव्या बाजूला, आणि इथं तर गाड्या उजवीकडून चालतात. समोरून ट्रक! परीक्षकबाई एवढंच म्हणाल्या, "खलास." पुढच्या खेपेला पार्किंगचा खांब आडवा केला. त्यानंतर सीटबेल्टच विसरले. दार उघडताच माझी लेक मैत्री माझं तोंड बघून म्हणायची, "आई, नॉट अगेन!" रडू यायचं. पण सकाळी पुन्हा पायी जायचंच असायचं, आणि त्या उन्हात घाम कुठला नि आसवं कुठली, कोणाला कळतंय? पुसायचं आणि पुढची तारीख घ्यायची.

शेवटी पास झाले. अश्वजितनं पेढे आणले नाहीत. बहुधा त्याचा विश्वासच बसला नाही.

एकटी निघाले त्या दिवशी राउंडअबाउटवर शिरले खरी, पण बाहेर पडता येईना. गोल गोल फिरतेय, मागून हॉर्न! मिळेल त्या फाट्यात घुसले. अश्वजितचा फोन आला, तशी गाडी कडेला लावली.

"कुठी आहेस?"

"सनाबिसला."

"काहून बाप्पा?"

"रस्ता इकडंच आला."

तो खो खो हसला. आधी राग आला, मग मलाही हसू फुटलं. एका कॅफेटेरियात कडक चहा घेतला आणि परत त्याच राउंडअबाउटवर गेले. एकाच फेरीत सुटले. हॉर्नचं आता काही वाटत नाही.

परवा दवाखान्यातली नर्स सबा रडत आली. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास! मला हसू आवरेना. ती भडकलीच.

"दीदी, हसताय तुम्ही?"

"पहिलीच वेळ ना?" मी टिशूचा डबा पुढं सरकवला. "मग अजून पुष्कळ बाकी आहे. पुढची तारीख घे."

तिनं नाक पुसलं आणि फोन काढला.