एका थेंबासाठी भांडण

शांतता मिळावी म्हणून आमच्या थोरल्या साडूंनी आजवर जेवढा आरडाओरडा केला आहे, तेवढा अख्ख्या पुण्यात दुसऱ्या कुणी केला नसेल. जन्म कसबा पेठेत, तांबटांच्या आळीत. सकाळचा चहा झाला की हातोडा हातात, तो दिवेलागणीपर्यंत तांब्याच्या भांड्यांवर ठाणठाण ठोके. सगळं आयुष्य आवाज करण्यात गेलेला हा माणूस दुसऱ्याच्या आवाजावर मात्र खवळून उठायचा. "आमचा आवाज कामाचा आहे, तुमचा उगाच आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. यावर वाद घालायची सोय नव्हती, कारण तोही उगाचचाच आवाज. नात्यातले सगळे त्यांना भाऊ म्हणतात आणि शक्यतो लांबून म्हणतात.

रविवारी मात्र हातोडा खाली ठेवायचा आणि टेकडीवरच्या देवळांना जायचं, हा त्यांचा नेम. त्या नेमात मला कुणी आणि का गुंतवलं, हे मी बायकोला अनेकदा चिडून विचारलं आहे. उजाडता उजाडता भाऊ स्कूटर घेऊन कोथरूडला आमच्या इमारतीखाली हजर. हॉर्न वाजवायचा नाही हे तत्त्व, बेल दाबायची नाही हेही तत्त्व. मग ते खाली उभे राहून आमच्या खिडकीकडे नुसते रोखून बघत बसायचे. मी कधीतरी डोकावलो की वर, "केव्हाचा उभा आहे! कान नाहीत का तुम्हाला, पाहुणे?" रविवारची सुरुवात अशी शिव्या खाऊन करणारा दुसरा जावई या घराण्यात नाही.

शहर मागे पडून टेकडीचा पायथा आला की स्कूटर बंद. अर्ध्या वाटेवर देवीचं देऊळ, माथ्यावर महादेवाचं. देवीपाशी बोलायला परवानगी, पण हळू. महादेवापाशी तीही नाही. आत शिरायच्या आधी भाऊ घंटेच्या लोलकाला स्वतःचा रुमाल गुंडाळायचे, म्हणजे मागून येणाऱ्या भक्ताने कितीही जोर लावला तरी आवाज निघायचा नाही. बिचारी माणसं दोन-तीनदा हिसडे देऊन घाबरून पिंडीकडे बघायची. एकदा गाणी लावून बसलेल्या कॉलेजच्या टोळक्यात भाऊ मांडी घालून बसले. "अजून मोठं करा की. खाली गावात एक म्हातारी अजून झोपलेली आहे." त्यातला एकजण म्हणाला, "अंकल, चिल." भाऊ म्हणाले, "मी चिलच आहे. तुम्ही टेकडी उतरलात की अजून होईन." वेफर्सचं पाकीट फोडणाऱ्या बाईंना त्यांनी ते बाहेर जाऊन फोडायला लावलं. माझा गुडघा वाजला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं वळून बघितलं, की मी गुडघ्याच्या वतीने माफी मागितली.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका थेंबासाठी. पिंडीवर टांगलेलं गळतीचं भांडं, ज्याच्या बुडाच्या बारीक भोकातून महादेवावर थेंब थेंब पाणी पडतं, ते भाऊंनी तरुणपणी स्वतः घडवलेलं. स्वतः ठोके देऊन मठारलं, स्वतः भोक पाडलं, स्वतः डोक्यावरून वर नेलं. आठवडाभर स्वतःचेच ठोके ऐकून किटलेल्या कानांनी तो थेंब ऐकायचा, म्हणून रविवार. मला तो कधीच नीट ऐकू आला नाही. मी डोळे मिटून घरच्या पोह्यांचा विचार करत असे.

मग कुणा भक्ताने देवळाला विजेवर वाजणारा नगारा दिला. बटण दाबलं की नगारा, घंटा, झांज सगळं एकदम. भाऊ विश्वस्तांशी भांडले, देणाऱ्याच्या घरी जाऊन भांडले, येताना रस्त्यात माझ्याशीही भांडले. शेवटी गुरवाने कंटाळून कबूल केलं, की रविवारी हे दोघं टेकडी उतरेपर्यंत बटण दाबायचं नाही.

गेल्या रविवारी आम्ही बऱ्याच महिन्यांनी गेलो. मध्ये भाऊ आजारी होते. "ह्यांना आता काही ऐकू येत नाही," असं मेहुणीबाई फोनवर म्हणाल्या होत्या. "कानाचं मशीन आणलंय, तर लावत नाहीत. त्यातून सगळं जग बोंबलतं म्हणतात." मला वाटलं, सोयीचं बहिरेपण असेल. आम्ही पिंडीसमोर बसलो, भाऊंनी डोळे मिटले, आणि गुरवाने बटण दाबलं. भिंती हादरल्या. मी भाऊंच्या स्फोटाची वाट बघत बसलो. भाऊ तसेच बसून होते. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नव्हती.

मला इतका संताप आला, की मी कधी उठलो तेच कळलं नाही. "बंद करा ते! अहो, बंद करा आधी!" मी ओरडलो. गुरव म्हणाला, "सायेब, त्यांना आता ऐकू येत न्हाय, मंग कशापायी बंद करायचं?" मी म्हणालो, "त्यांना येत नाही म्हणूनच!" याचा अर्थ मलाही सांगता आला नसता, पण माझं तोंड बघून त्याने बटण बंद केलं. भाऊंनी डोळे उघडले, तेव्हा माझा जबडा अजून वासलेलाच होता. "पाहुणे, केवढं तोंड उघडताय! देवळात आहोत आपण."

मी त्यांच्याशेजारी बसलो. देऊळ एकदम रिकामं झाल्यासारखं शांत झालं होतं. भाऊ गळतीकडे बघत होते, पण गाभाऱ्यातल्या अंधारात त्यांना थेंब दिसत नव्हता. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला खालच्या आवाजात काही विचारलं. "पडतोय का?"

मी कान दिला. टप्. इतक्या वर्षांत मला तो पहिल्यांदा ऐकू आला. मी मान डोलावली, आणि तेवढ्याने त्यांचं समाधान होईना म्हणून त्यांच्या गुडघ्यावर बोटाने वाजवून दाखवू लागलो. टप्, टप्, टप्. भाऊंनी माझं बोट धरलं.

"नीट ऐका," ते खेकसले. "भोक मी पाडलंय. एवढ्या घाईनं नाही पडायचा तो."