घर निवडलं झाडावरून

आमच्या पांढुर्ण्यात संत्र्याचा बगीचा विकत घेणारा माणूस रस्त्याकडच्या झाडांवर वेळ घालवत नाही. ती दाखवायचीच असतात. तो सरळ मागच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या बांधापर्यंत जातो आणि फळाआधी सल बघतो. सल म्हणजे झाडावर वाळून राहिलेल्या काड्या. तोडा झाल्यावर ज्याने सल काढली, तो मालक बोलल्याला जागतो, हा माझा अनुभव. मंडीत पेट्या भरण्यापासून मी सुरुवात केली, आज माझा माल कोलकात्याला जातो. मधलं सगळं मी स्वतःच शिकलो. त्यामुळे मला कोणी अक्कल शिकवायला आलं, की माझं डोकं फिरतं.

आले ते माझे साडू. नागपूरला मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ते टूर कंपनीबरोबर परदेशी निघाले तेव्हा माझ्या बायकोला आपल्या बहिणीसोबत जायचं होतं. साडूंनी सांगितलं, जागा नाही. पुढे त्यांनीच पाठवलेल्या फोटोत अर्धी बस रिकामी दिसली. सौसरला सासुरवाडीत पंगतीला बसलो असताना मी ते विचारलं, तर हसत म्हणाले, "भाऊ, तुम्ही तिथंही भाव करत बसले असते. आमची इज्जत गेली असती."

सगळी पंगत हसली. बायको वाढत होती. तिने वरणाचा गंज खाली ठेवला आणि आत निघून गेली. ते हसू मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

घरी परतताना गाडीत मी म्हटलं, "आपण आपल्या हिमतीवर जाऊ. ना कंपनी, ना गाईड."

जामसांवलीचा फाटा मागे पडला. मग ती म्हणाली, "दोन अटी. मले दहा गावं पळवू नका, एका जागी बसून पाहू द्या. अन् तिथं कोनाशी भांडले, तर मी बॅग उचलून वापस येईन. हसाले ते बसलेच हायेत."

दुसरी अट जड होती. तरी मी हो म्हटलं.

व्हिएतनाम ठरवलं, कारण व्हिसा घरबसल्या मिळत होता आणि विमान माझ्या ओळखीच्या कोलकात्याहून होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर मृग बहाराचा माल संपला की निघायचं. रोज दुकानातून आलो की मी नकाशा उघडून बसायचो. ह्वे नावाचं एक जुनं शहर मला पटलं: स्टेशन जवळ, भाजीबाजार पायी जाण्याजोगा, गर्दी बेताची. राहण्याच्या जागा बघताना मी आधी वाईट शेरे वाचले, कारण चांगले म्हणजे रस्त्याकडची झाडं. नदीकडे खिडकी असलेल्या खोल्या महाग होत्या. गोटमारीच्या दिवशी, म्हणजे नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या जत्रेला, आमच्याकडे नदीकाठच्या खिडक्यांवर किती दगड येतात, ते मी लहानपणापासून बघतो. नदी दिसते म्हणून जास्त भाडं द्यायला मी काही तयार होईना.

शेवटी एका बाईच्या घरगुती लॉजचा फोटो सापडला. घरामागे पपनसाची झाडं. मी फोटो मोठा केला. फांद्या स्वच्छ, एक वाळकी काडी नाही.

"हेच घर," मी म्हटलं.

"खोली तं पाहा," बायको म्हणाली.

"झाड पाहिलं ना. खोली चांगलीच असंन."

खोली चांगली होतीच. पण पोहोचून मागच्या बाजूला गेलो, तर सगळं सिमेंटचं अंगण आणि पलीकडे भिंत. झाडं भिंतीपलीकडची, शेजाऱ्याची. आयुष्यभर बगीचे घेतले, आणि इथे धुरा कोणाचा हे विचारायचं राहून गेलं होतं. माझा आवाज चढला. मी फोनमध्ये ओरडायचो आणि भाषांतर करणारा फोन तेच गोड बायकी आवाजात त्या मालकिणीला ऐकवायचा. ती प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. तिला वाटत असावं, मी कौतुक करतोय.

मागे वळून पाहिलं तर बायको बॅगेवर बसलेली. हात बॅगेच्या मुठीवर.

"उचलू?" तिने विचारलं.

मी फोन खाली केला. मंडीत राग आला की मी आधी पाणी पितो, तसं प्यालो. मग स्वतःला विचारलं, या बाईकडे असं काय आहे जे मला हवं आहे? भाडं कमी करून बायकोला बसायला झाड मिळणार नव्हतं. भिंतीत एक लहानसं फाटक होतं, त्याला कडी. आणि वर मागच्या बाजूला एक खोली होती, ती बाई स्वतःच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवायची. मी फोनला हळू आवाजात सांगितलं: भाडं पूर्ण देतो. ती खोली आम्हाला द्या आणि आम्ही आहोत तोवर फाटक उघडं ठेवायला शेजाऱ्याला विचारा.

बाई जाऊन आली. शेजारी म्हातारा स्वतः कडी काढायला आला.

मग बायकोने खुशाल मुक्काम ठोकला. पपनस फुलावर होतं, वास आमच्या संत्र्याच्या बहरासारखाच, जरा जाड. सकाळी बाजार, मग दिवसभर त्या झाडांखाली खुर्ची. म्हाताऱ्याशी ती आपल्या बोलीत बोलायची, तो त्याच्या. बहिणीचा फोन आला, आज काय काय पाहिलं म्हणून. "काही नाई व," ती म्हणाली, "बसली हाये. तुमाले बसूच नाही देत म्हणे ते कंपनीवाले?"

मी लांब उभा राहून ऐकलं. पुढचा मुक्काम मी अगदी बारकाईने आखला होता, आगगाडीचं तिकीटही काढलेलं. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "मले इथून नाही जायचं. अजून राहू."

"ठीक हाय, मी बोलतो बाईशी."

"तुमी बसा. मी बोलते."

फोन घेऊन ती स्वयंपाकघराकडे गेली. काचेतून दोघी दिसत होत्या. एकदा मालकीण हसली, एकदा आमच्या हिने मान हलवली, उठायचा आव आणला, परत बसली. हे तिने कुठे शिकलं, ते मला चांगलं माहीत आहे. बाहेर आली ती चेहऱ्यावर काही न दाखवता. "झालं," म्हणाली. "खोली तीच. सकाळचा चहा आपल्या पद्धतीचा करू देते म्हणे, चूल मोकळी."

मी असतो तर नाश्ताही फुकटात काढून घेतला असता.  पण मी तिची खुर्ची सावलीत सरकवून दिली.