नॉर्मनचा गुडघा

आमच्या खाडीवर सुट्टीला येणारी माणसं दोन गोष्टी हमखास बोलतात. एक, "इथे वेळ जणू थांबलाय." दोन, "नाश्ता किती वाजता?" यूलीन क्यूजो दोन्ही सारख्याच चेहऱ्याने ऐकते आणि फक्त दुसऱ्या गोष्टीचं उत्तर देते.

यूलीनला सगळं गाव टांटी म्हणतं, म्हणजे मावशी. तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा म्हणतात, कारण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं पडतं. तिच्या घरात समुद्राकडे तोंड केलेली एक खोली पाहुण्यांसाठी आहे, आणि त्या खोलीतला फेब्रुवारी नॉर्मन आणि जिलियनचा. ही दोघं इंग्लंडची. केस काळे होते तेव्हापासून येतात. नॉर्मन शाळेत भूगोल शिकवायचा. पहिल्या वर्षी आमचं कॅरिबियन समुद्रातलं बेट, कॅरिआकू, त्याला नकाशात सापडलं नव्हतं, हे तो स्वतःच कौतुकाने सांगायचा.

त्यांची विश्रांती मी शेजारून वर्षानुवर्षं पाहिली आहे. नॉर्मन उजाडताच यूलीनच्या नवऱ्याबरोबर, कॉस्मसबरोबर, होडीतून गळ टाकायला जाई. जिलियन समुद्रबदामाच्या सावलीत पुस्तक वाचत बसे. दरवर्षी तेच पुस्तक, कारण निघताना ती ते यूलीनच्या कपाटात ठेवून जाई. त्याच कपाटात नॉर्मनची गवती हॅट आणि पोहायचे रबरी पंजे असत. "पुढच्या वर्षी लागतीलच," असं म्हणून ठेवलेले. "इथे आलं की घड्याळ काढून ठेवतो आम्ही," असंही ते म्हणत. ते खरं होतं. घड्याळ यूलीनकडे असे. पाव भाजणं, पाणी भरणं, चादरी वाळवणं ती त्यावर करी.

चौथ्या की पाचव्या वर्षी त्यांनी पैशांबरोबर मिठीही द्यायला सुरुवात केली आणि "आम्ही घरचेच" म्हणू लागले. यूलीनने ते खरं मानलं. ती इतर बाबतीत हुशार बाई आहे.

कॉस्मस वारला तेव्हा पावसाळा होता, म्हणजे त्यांची सुट्टी नव्हती. पण शेवटच्या आजारात कॉस्मसने फोन लावायला सांगितला आणि नॉर्मनला म्हणाला, "माझा दगड उभा करताना डोक्याकडची बाजू तू धर." नॉर्मन फोनवर रडला. "धरीन," म्हणाला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कारण फोन मोठ्या आवाजावर होता.

आमच्याकडे माणूस पुरला म्हणजे त्याचं सगळं झालं असं नाही. कबरीवरचा दगड बाकी असतो. तो कधी उभा करायचा हे मेलेला माणूस स्वतः स्वप्नात येऊन सांगतो. मग बोकड कापतात, ढोल वाजतो, आणि ढोल ऐकून जो कुणी येईल त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मेलेल्यासाठी आतल्या खोलीत मेजावर एक ताटली वाढून ठेवतात. तिच्यात मीठ घालत नाहीत आणि तिला कुणी हात लावत नाही.

कॉस्मस तीन वर्षांनी स्वप्नात आला. म्हणाला, "यूलीन, पाठीला वारा लागतोय." यूलीनने लगेच दगड घडवून घेतला आणि फेब्रुवारीतला शनिवार ठरवला. फेब्रुवारी कुणासाठी, हे सांगायला नकोच.

जानेवारीत जिलियनचा फोन आला. नॉर्मनचा गुडघा गेला होता. डावा. डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली होती. "फार वाईट वाटतंय," जिलियन म्हणाली. "दगड आमच्यासाठी थांबवू नका हं." हे वाक्य माणसं थांबवून घेण्यासाठीच बोलतात असं यूलीनला वाटलं. तिने दगड वर्षभर पुढे ढकलला.

"मेलेल्या नवऱ्याला थांबवतेस?" दुकानवाली व्हर्लिन म्हणाली. "एका गोऱ्याच्या गुडघ्यासाठी?"

"गुडघा कॉस्मसच्या मित्राचा आहे."

"कॉस्मसला वारा लागतोय, टांटी. गुडघ्याला लोकर गुंडाळता येते."

"तुला विचारलं नव्हतं. साखर दे."

रविवारी तिने फादरना सांगून आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेत नॉर्मनचा गुडघा घालून घेतला. तीन रविवार सगळं चर्च त्या गुडघ्यासाठी डोळे मिटत होतं. दगड तिने पाहुण्यांच्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर पांढऱ्या चादरीखाली आडवा ठेवला. दुसरे पाहुणे विचारायला आले तर ती म्हणायची, "खोली भरली आहे," आणि ते खोटं नव्हतं. मधल्या काळात तिची शेळी लंगडायला लागली आणि दोनदा पाव करपला. कॉस्मस रागावलाय, असं लोक म्हणाले. शेळीसुद्धा डाव्याच पायाने लंगडत होती, त्यामुळे काहींनी प्रार्थनेच्या अचूकपणावर शंका घेतली.

तोच फेब्रुवारी आला. एक दिवस यूलीनच्या भाच्याची, केस्टरची, बस तिच्या दारावरून न थांबता गेली. केस्टर रोज भोंगा वाजवून थांबतो, पाव घेतो, पैसे उद्या देतो. सलग तीन दिवस तो पाव न घेता गेला. चौथ्या दिवशी यूलीन दुकानात शिरली आणि आतली सगळी बडबड एकदम बंद झाली.

"कोण मेलं?" यूलीनने विचारलं.

मी साबण पाहत होतो. शेवटी व्हर्लिन तराजू पुसत म्हणाली, "कुणी मेलं नाही, टांटी. गुडघा बरा झालाय."

आता बेटाच्या आकाराचा विचार करा. आमच्याकडे लपायला जागा म्हणजे दुसरं बेट. तरी ही दोघं नेटाने लपत होती. खाडीच्या पलीकडच्या टोकाला नवं हॉटेल झालंय, तिथे ती उतरली होती. गाव जेवून आडवं होतं त्या भर उन्हात ती फिरायला निघत आणि कुणी दिसलं की झुडपातल्या पक्ष्यांकडे टक लावून पाहत. नॉर्मनने नवी हॅट घेतली होती, कारण जुनी यूलीनच्या कपाटात होती. त्या कोऱ्या हॅटमुळेच तो लांबून ओळखू येई. इतकी दमछाक करणारी विश्रांती मी दुसऱ्या कुणाला घेताना पाहिली नाही.

यूलीन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. केस्टरला बस थांबवावी लागली.

"टांटी, बाजूला हो ना. आत लोक आहेत."

"असू देत. त्यांना इथे वेळ थांबलेलाच हवा असतो. कुठे उतरवलंस त्यांना?"

"कुणाला?"

"केस्टर, मी तुझी ढुंगणं धुतली आहेत."

केस्टरने इंजिन बंद केलं. "हॉटेलवर. मी काय करू, टांटी? धक्क्यावर उतरले, माझीच बस होती. पडदे ओढ म्हणाले."

"तुझ्या बसला पडदे कुठले?"

"टॉवेल लावले."

"आणि तू लावलेस. माझ्या दारावरून नेताना."

"तिथे पोहायचा तलाव आहे, थंड हवेचं मशीन आहे..."

"ते मलाही दिसतं. का गेले ते सांग."

केस्टर चाकाकडे पाहत राहिला. "बाई म्हणाल्या... यूलीनच्या घरात आता फार दुःख आहे. आम्ही थकून येतो, आम्हाला विश्रांती हवी असते. आणि तो दगड वगैरे नॉर्मनला झेपणार नाही." मग घाईने म्हणाला, "वाईट मनाने नाही म्हणाल्या. तू छान आहेस असंही म्हणाल्या."

बसमधल्या एका पाहुण्याने तिचा फोटो काढला.

"चालतो कसा?" तिने विचारलं.

"कोण?"

"गुडघा."

"दोन्ही पायांनी, टांटी. पळतोसुद्धा."

"सगळ्या गावाला माहीत होतं?"

केस्टर आरसा सारखा करू लागला. मागून दुसरी गाडी आली, तिने भोंगासुद्धा वाजवला नाही.

"शनिवारी दगड," यूलीन म्हणाली आणि बाजूला झाली.

तयारीला वेळ नव्हता, तरी सगळं झालं. गावाला तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून गाव कामाला लागलं. व्हर्लिनने न मागता साखर पाठवली. बोकड कुणाचा होता हे यूलीनला कळू दिलं नाही. बायकांनी मक्याच्या पिठाचे गोळे वळले, ओली तूर शिजवली, अंबाडीच्या फुलांचं लाल सरबत केलं. यूलीन कुणाशी भांडली नाही. त्याचीच सगळ्यांना भीती वाटत होती.

दुपारी चौघांनी पलंगावरून दगड उचलला. दफनभूमीत पोचल्यावर डोक्याकडची बाजू कुणी धरायची यावर जरा थांबायला झालं. केस्टर पुढे आला. यूलीनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो मागे गेला आणि बस काढायला म्हणून निघूनच गेला. मग तिने स्वतः वाकून ती बाजू धरली. बायका दगड धरत नाहीत, पण हे तिला सांगायला कुणी पुढे झालं नाही. जी इतकी कडक असते की तिच्यात बर्फसुद्धा बुडतो, ती रम दगडावर ओतली. "हे घे," यूलीन दगडाला म्हणाली. "आता वारा लागणार नाही. उशीर झाला त्याबद्दल मला बोलू नकोस, तुझ्या मित्राला बोल."

दिवस कलताना अंगणात ढोल सुरू झाला आणि केस्टरची बस परत आली, भरलेली. हॉटेलच्या मॅनेजरच्या कानावर ढोलाची बातमी आधीच गेली होती. त्याने फळ्यावर लिहिलं होतं: बेटाची खरीखुरी संध्याकाळ, ढोलनाच आणि जेवणासह. कुठे, ते लिहिलं नव्हतं. पाहुणे उतरले, आपल्या परीने नाचू लागले. मागच्या सीटवरची दोघं उतरली नाहीत. कोरी हॅट खिडकीच्या खाली खाली जात होती.

"तू आणलंस त्यांना?" व्हर्लिनने केस्टरला विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही कुठे. मी सांगितलं नाही."

"टॉवेल?"

"धुवायला टाकलेत."

यूलीनने दोन ताटल्या वाढल्या आणि बसपाशी गेली. ढोलकऱ्यांनी हात थांबवले नाहीत, पण आवाज उतरला. तिने खिडकीतून पहिली ताटली जिलियनला दिली, दुसरी नॉर्मनला.

"पहिल्यांदाच आलात का आमच्या बेटावर?" तिने विचारलं. सगळ्या पाहुण्यांना ती हे ह्याच आवाजात विचारते.

जिलियनने नॉर्मनकडे पाहिलं. नॉर्मनने बोकडाच्या रश्शाकडे.

"हो," तो म्हणाला.

"अस्सं." यूलीनने पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसले. "आज माझ्या नवऱ्याचा दगड उभा केला. तुम्ही ओळखत नसाल त्याला. चांगला होता. डोक्याकडची बाजू त्याचा एक मित्र धरणार होता, पण त्याचा गुडघा गेला. फार प्रार्थना केल्या आम्ही."

नॉर्मनने ताटली मांडीवर ठेवली.

"जेवा," यूलीन म्हणाली. "गार होईल."

बस सुटायच्या आधी केस्टर ताटल्या परत घेऊन आला. जिलियनची पुसून स्वच्छ होती. नॉर्मनची जशी वाढली तशीच, चमचासुद्धा हललेला नव्हता.

यूलीनने ती ताटली हातात घेऊन पाहिली. मग आत गेली आणि मेजावर कॉस्मसच्या ताटलीशेजारी ठेवली. कपाटातली गवती हॅटही काढून तिच्या बाजूला ठेवली.

व्हर्लिन दारात उभी होती. "टांटी," ती हळूच म्हणाली, "ह्या ताटलीत मीठ आहे."

"असू दे," यूलीन म्हणाली. "आमच्या घरी तो मीठ घालूनच जेवायचा."