शेषरावची बदकं

त्या हिवाळ्यात आमची पोस्ट सरहद्दीवरच्या एका नाल्याच्या काठावर होती. पोस्टवर अकरा माणसं, एक लाइट मशीनगन, एक वायरलेस सेट आणि चार बदकं. मी हवालदार, पोस्टचा कमांडर. बदकं लान्स नाईक शेषरावची.

आता तुम्ही सिव्हिलियन माणसं हसाल. हसा. मीही हसलो होतो. शेषराव वरवट बकालचा, मी लोणारकडचा. जिल्हा एकच, बुलढाणा. पण तो घाटाखालचा आणि मी घाटावरचा, त्यामुळे भांडायला वेगळं कारण लागत नसे. मागच्या गावातून त्याने मुठीएवढी चार पिलं टोपीत घालून आणली आणि रमच्या रिकाम्या खोक्यात वाढवली. मी म्हणायचो, "शेष्या, बंदूक चालवायला आलास की कोंबड्या पाळायला?" तो म्हणायचा, "साब, कोंबडी झोपते. बदक झोपत नाही."

आणि ते खरं होतं. फौजेत पहाटे आणि संध्याकाळी स्टँड-टू असतो. म्हणजे सगळी पोस्ट हत्यार घेऊन मोर्च्यात उभी राहते, कारण हल्ला बहुधा त्याच वेळी येतो. आम्ही उभे राहिलो की ही चारही बदकं नाल्याकडे तोंड करून गप्प उभी राहत. अनोळखी पाऊल वाजलं की ओरडून आभाळ डोक्यावर घेत. मग शेषराव त्यांना बोलवायचा, "या बे, या बे, याऽऽ." शेवटचा 'या' लांबवत खाली आणायचा. त्या हाकेशिवाय ती कुणाचं ऐकत नसत.

शेषरावला लिहायचा भारी कंटाळा. त्याची पत्रं मीच लिहायचो. त्याची माय एकटी होती. पत्रात तिच्यासाठी दुसरं काही नसे, फक्त बदकं. आज काय खाल्लं, कसं चाललं, कोण कुणाच्या मागे धावलं.

जानेवारीत धुकं पडायला लागलं. तीन रात्री बदकं ओरडली. तिन्ही वेळा आम्ही धावत मोर्च्यात गेलो, तिन्ही वेळा काही सापडलं नाही. जवान वैतागले. शेजारच्या पोस्टने तक्रार केली. चौथ्या संध्याकाळी कंपनी कमांडर स्वतः सेटवर आले.

"तेरी पोस्ट पर ये शोर कैसा? ओव्हर."

"साब, बतख हैं. ओव्हर."

"बतख? शोर बंद कर. आउट."

मी अम्युनिशनचं एक मोठं रिकामं खोकं घेतलं, चारही बदकं त्यात घातली, झाकण लावलं आणि वर दोन कांबळी टाकली. शेषराव बाजूला उभा होता.

"साब, ते उगीच नाही ओरडत."

"हुकूम म्हणजे हुकूम."

"हाव साब," एवढंच म्हणाला आणि रायफल उचलून लिसनिंग पोस्टवर गेला. ही जागा पोस्टच्या तीस-चाळीस यार्ड पुढे, नाल्यात. तिथे बसायचं आणि फक्त ऐकायचं. माणसं कमी होती म्हणून त्या रात्री तो एकटाच होता.

सकाळी पाच चाळीसला नाल्यातून एक गोळी सुटली. मग दोन. स्टँड-टूला अजून वीस मिनिटं होती. त्या तीन गोळ्यांनी आम्ही उठलो, मोर्चे धरले, आणि समोर धुक्यात माणसं दिसली ती पंधरा यार्डांवर. सहा-सात मिनिटांत सगळं संपलं. आम्ही दहा जण वाचलो. शेषराव नाल्यात पडला होता. बदकांचं काम त्याने केलं होतं.

उजाडल्यावर मी कांबळी काढून झाकण उघडलं. चारही बदकं जिवंत होती, माना उंच करून नाल्याकडे बघत होती. एकही ओरडलं नाही. महिन्याभराने आम्हाला मागे हलवलं, तोवर त्यांच्यातलं एकही पुन्हा ओरडलं नाही. आमचा कुक मला म्हणाला, "हवालदार, इनको यहीं छोड़ दो." कापायला कुणी तयार नव्हतं. आम्ही त्यांना तिथेच सोडलं.

त्याच्या मायला पत्र मीच लिहिलं. शूरपणे लढला, पोस्ट वाचवली. सगळं खरं. खोक्याचं लिहिलं नाही. तिचं उत्तर गावच्या मास्तरांच्या अक्षरात आलं. शेवटी होतं: "बदक कसं असते ते मी पाह्यलं नाही बाप्पा. तुले जमलं त एक जोडी दाखव."

मी पेन्शनवर घरी आलो तेव्हा महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. ते पत्र ट्रंकेत तळाशी होतं. जोडी घेऊन जायची, तिच्यासमोर बसायचं आणि खोक्याचं सांगायचं, असं मनात पक्कं होतं. दोन वर्षं गेलो नाही. शत्रूच्या समोर उभा राहिलो, पण एका म्हातारीसमोर जायला पाय उचलत नव्हता. पुढे मेहकरच्या बाजारात एक म्हातारा मासेमार टोपलीत बदकाची पिलं घेऊन बसलेला दिसला. मी पाच घेतली. कशी वाढवायची हे त्याला विचारलं नाही. पंधरा वर्षं फौजेत काढलेला माणूस पिलांबद्दल विचारणार होय? उंटावरचा शहाणा मी.

माझी बायको कमळा. तिने टोपलीत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"माय वं! हे काय आणलं?"

"जवान आहेत. रिक्रूट."

"रिक्रूट म्हने! हे तुमच्या बुटाखाली येऊन मरतीन."

मी त्यांना फौजी शिस्त लावली. पहाटे पाचला हजेरी. सकाळी ज्वारीच्या कण्या. पहिल्याच दिवशी कोरड्या कण्या एकाच्या घशात अडकल्या. कमळाने त्याची चोच उघडून पाणी सोडलं आणि मला शिकवलं की कण्या भिजवून द्यायच्या, आणि पाण्याचं भांडं चोच नाकापर्यंत बुडेल एवढं खोल हवं. तिनेही कधी बदक पाहिलं नव्हतं. ती नुसती बघत बसायची आणि तिला कळायचं. मी हुकूम द्यायचो आणि मला काही कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना घंगाळ्यात सोडलं. बदक म्हणजे पोहणारच. पोहली. पाच मिनिटांनी त्यांची लव पाण्याने चिकटली, अंग कापायला लागलं. मी कंदील पेटवला, गोणपाटात गुंडाळलं. एक दुपारपर्यंत गेलं. त्याला हातात घेऊन बसलो तेव्हा शेषराव एकदा बोलला होता ते आठवलं. "साब, पिलाले महिनाभर पाण्यात सोडत नसतेत. मायच्या पंखाचं तेल अंगाले लागते, मंग ते तरते. बिनमायचं पिलू भिजते." मी तेव्हा बूट पॉलिश करत होतो. त्याचं कधी कानावर घेतलं होतं मी?

राहिली चार. ती वाढली, पंख फुटले, आणि मग ती गोष्ट सुरू झाली. रोज संध्याकाळी, उजेड कमी व्हायला लागला की चारही अंगणाच्या एकाच कोपऱ्यात जात आणि उत्तरेकडे तोंड करून उभी राहत. आवाज नाही, हालचाल नाही. अर्धा तास. मग परत येत. तिकडे आमच्या कुडाची भिंत होती, बाकी काही नाही. मी त्यांना स्टँड-टू शिकवला नव्हता. पहाटे उठून बघितलं, तर पहाटेही तेच.

"तिकडं काय पाहून राह्यली हे?" कमळाने विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही, वारा." वारा नव्हता. उत्तरेला खामगाव आहे आणि पलीकडे वरवट बकाल. हे मी तिला सांगितलं नाही. मी भ्यालो होतो, हे आज सरळ सांगतो.

दोन महिने व्हायला आले. नेण्याआधी ती नीट पोहायला शिकावी असं मला वाटलं. शेषरावच्या मायला पोहणारं बदक दाखवायचं होतं. उन्हाळा तोंडावर होता, ओढा आटला होता. मी म्हटलं, लोणारच्या सरोवरात नेऊ. कमळा म्हणाली, "अहो, ते पानी खारं हाय. सोड्याचं हाय." मी म्हटलं, "हिवाळ्यात रानबदकं येतात ना तिथे? लहानपणापासून बघतो." तिने तोंड फिरवलं, पण बरोबर आली.

उतरून खाली पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ज्याने ते सरोवर पाहिलंय त्याला सांगायला नको. वरचं जग वरच राहतं. सगळीकडून उंच कडे, मधोमध हिरवट पाणी, आणि तो वास. झाडाचं पान हलत नव्हतं. मोरसुद्धा ओरडला नाही. बदकं टोपलीतून उतरली, पाण्याकडे गेली आणि आत शिरली. मी कडेला उभा राहून ऐटीत कमळाकडे पाहिलं.

ती बरीच पुढे गेल्यावर मला दिसलं की ती खाली चालली आहेत. आधी शेपट्या बुडाल्या, मग पाठी. ते पाणी हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. त्याने पंखांचं तेल धुऊन टाकलं होतं, आणि माझ्या बिनमायच्या पिलांना तेल होतंच किती! मी पाण्यात शिरलो. तळाचा चिखल गुडघ्यापर्यंत लागला आणि पाय रुतले. मी ओरडलो. काय ओरडलो? "फॉल इन! वापस!" मूर्खासारखा. एक बुडालं. दुसरं बुडालं. आवाज न करता, मान सरळ ठेवून. उरलेली दोन लांब जात होती, आणि मला जागचं हलता येत नव्हतं.

तेव्हा हाक आली.

"या बे, या बे, याऽऽ."

माझ्या मागून, काठावरून. शेवटचा 'या' लांबवत खाली आला. दोन्ही बदकं वळली, माना ताणून सरळ काठाकडे आली, आणि माझ्या बाजूने गेली तेव्हा मी त्यांना दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. पाय ओढत काढले. काठावर कमळा उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"तू हाक मारलीस?"

"मी नाही." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "कोन होतं हो मागं?"

मागे काटेरी बाभळी होत्या. माणूस नव्हता, माणसाची वाटही नव्हती. कड्यांमध्ये आवाज घुमतो, वरून एखादा गुराखी बोलला असेल, असं मी तिला सांगितलं. दोन्ही बदकं तिच्या पदरात गुंडाळून आम्ही वर चढलो. वर येईपर्यंत मागे वळून पाहायची माझी छाती झाली नाही. गोड्या पाण्याने त्यांना तीन वेळा धुतलं, कंदिलाशी बसवलं. दोन्ही जगली. एक नर, एक मादी. जोडी.

आता आणखी थांबणं शक्य नव्हतं. पंधरा दिवसांनी एसटीने मेहकर, मेहकरहून खामगाव, तिथून वरवट बकाल. टोपली मांडीवर. बदकांनी वाटेत चकार शब्द काढला नाही. सरोवरापासून ती ओरडलीच नव्हती. पोस्टवरची ती चार गप्प झाली होती तशीच.

शेषरावची माय ठेंगणी, काटक बाई. दारात आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हवालदार काय तू? ये भाऊ. ये वं बाई." मी टोपली अंगणात ठेवून वरचं फडकं काढलं. बदकं बाहेर आली आणि बावरून भिंतीशी जाऊन उभी राहिली. ती खाली बसली, हात पुढे केला आणि म्हणाली,

"या बे, या बे, याऽऽ."

बदकं सरळ तिच्याकडे गेली. कमळाने माझा दंड घट्ट धरला. तिची नखं मला रुतली.

"माय," मी विचारलं, "ही हाक..."

"हे? शेषूले असंच बलावत होती मी लहानपनी. वावरातून लवकर येत नव्हता, मेला." ती बदकाच्या पाठीवरून हात फिरवत होती. "हे असे असतेत होय बदकं."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. धुकं, तीन रात्री, सेटवरचा हुकूम, खोकं, दोन कांबळी. शेषराव काय म्हणाला ते. मी काय म्हणालो ते. "ती मोकळी असती तर ओरडली असती, माय. तुझा पोरगा जिवंत असता. हुकूम आवाज बंद करायचा होता. झाकण मी लावलं."

तिचा हात बदकाच्या पाठीवर थांबला.

"तू सांगून मोकळा झाला," ती म्हणाली. "मी कुठं जाऊ आता?"

कमळा तिच्याजवळ जाऊन बसली. दोघी रडल्या. मी विहिरीवर गेलो आणि तिच्या घरचं सगळं पाणी भरलं, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

तिने आम्हाला जाऊ दिलं नाही. भाकरी टाकली, समोर बसून वाढलं. संध्याकाळी बदकं अंगणाच्या मधोमध बसली. या घरी ती कुणीकडे तोंड करून उभी राहिली नाहीत. मांजराची भीती म्हणून मी सवयीने कोपऱ्यातलं डालगं उचललं आणि त्यांच्यावर पालथं घालायला गेलो.

"झाकू नको," म्हातारी म्हणाली.

मी थांबलो.

"उघडी राहू दे. ओरडली त ओरडू दे."

डालगं होतं तिथे ठेवून दिलं. आम्ही ओसरीवर आडवे झालो. पहाटे बदकांच्या आवाजाने जाग आली. दोन्ही ओरडत होती, मादी घसा फाडून. मी धडपडत उठलो, अंगणात आलो. घड्याळात पाच चाळीस झाली होती. फाटकाबाहेर रस्ता मोकळा होता. म्हातारी बाजेवर उठून बसली होती आणि रस्त्याकडे बघत होती.

"या बे," ती हळूच म्हणाली.

मी पायात चपला नसताना सावधान उभा राहिलो. लान्स नाईक शेषराव, वरवट बकाल. त्याच्या तीन गोळ्यांवर आम्ही दहा जण आजवर जगलो. बदकं ओरडत राहिली, आणि त्यांना कुणी गप्प केलं नाही.