दाढ दुखतीय म्हणाली

माझ्या बांधाला बांध असलेला शेजारी रोज सकाळी ओट्यावर बायकोसंगं चहा पितो. ती बशीत ओतते, तो फुरके मारतो. मला ते बघवत नाही. वय झालं की माणूस मवाळ होतं म्हणतात. मी नाही झालो. शाळा चौथीपर्यंतच, म्हणून जे झालं ते सरळच लिहितो.

आधी छातीत माझ्याच दुखलं होतं. उसाला पाणी धरताना मटकन बसलो आणि बोंब ठोकली. घटकाभरात चार माणसं जमली, जीप आली, आणि आमच्या सणसर गावातनं मला बारामतीला असं नेलं की चपला शेतातच राहिल्या. बायकोनं दवाखान्यात माझ्या पायाशी बसून दिवस काढले. घरी आल्यावर गाव बघायला आलं. मी छातीवर हात ठेवून सगळ्यांना तीच गोष्ट सांगायचो.

पुढच्या हंगामात तिच्यावर वेळ आली. त्याच दिवशी आमच्या उसाला तोड मिळाली होती. कारखान्याची ऊस तोडणारी टोळी फडात उतरली की धन्यानं फड सोडायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. टोळी एकदा दुसऱ्याकडं गेली की आपला ऊस उन्हाळ्यापर्यंत वाळत उभा.

सकाळी ती चहाची किटली घेऊन फडात आली. थंडीचे दिवस, तरी तोंड घामानं भिजलेलं.

"अवो, दाढ दुखतीय. मानंपतोर कळ येतीया. पाठ बी भरून आलीया."

"लवंग धर की."

"धरली. मळमळतंय बी."

"पित्त असंल. जायचं का दवाखान्यात?" मी विचारलं खरं, पण नजर ट्रॉलीकडं होती. तिला ते दिसलं.

"टोळी हलू द्या. परवा बघू. दाढंसाठी कोण जीप करतंय?"

"तुझी दाढ बी मुहूर्त बघून दुखती," मी म्हणालो. टोळीतली माणसं हसली. तीही हसली आणि किटली घेऊन गेली.

संध्याकाळी भाकरी थापता थापता ती परातीवर कलंडली. बारामतीत पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचाच झटका. बायकांना दर वेळी छातीत दुखतंच असं नाही. जबडा, पाठ, मळमळ, घाम, एवढ्यावरच भागतं, आणि त्या अंगावर काढतात. मी म्हणालो, "मला तर छातीतच कळ आलती." ते म्हणाले, "तुम्ही लगेच आला होता."

दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगितलं. शेजारीण पदर तोंडाला लावून ऐकत होती.

वर्षानं शेजाऱ्याच्या फडात टोळी उतरली. दुपारी त्याची बायको हातातलं काम टाकून बांधावर बसली आणि माझ्यासकट सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा जबडा दुखतोय अन् घाम फुटलाय. ह्या आबांच्या घरी झालं तेच हाय ह्ये. मला आत्ता न्या."

नवऱ्यानं टोळीकडं बघितलं.

"तिकडं काय बघताय? माझ्याकडं बघा," ती म्हणाली.

जीप आणायला मीच पळालो. ते बारामतीला गेले आणि त्याच्या टोळीवर अंधार पडेस्तोवर मी उभा राहिलो. ऊस ट्रॉलीत भरला जात होता आणि माझ्या मनात वाईट आलं. हिनं मरावं, असं नाही आलं. हीच का राहावी, असं आलं. माझी बायको मेली म्हणून हिला कळलं. माझ्याकडून घेतलेलं शहाणपण, आणि संसार त्याचा टिकला.

ती वाचली. ती घरी आल्यावर शेजारी माझ्याकडं आला.

"आबा, तुमच्यामुळं वाचली."

"व्हय."

तो जरा घुटमळला. "त्या दिशी मी हितंच हुतो की वो. एक हाक मारली असती, तर तुमच्या टोळीवर मी उभा राह्यलो असतो."

हे मला रोज कळत होतं. त्यानं ते तोंडानं बोलायला नको होतं.

"तू जा घरी," मी म्हणालो.

तो गेला. त्याची वाट बघणारं माणूस घरात होतं.