चुलीचं तोंड

दुपारी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आडवी होते. आत सून रोहिणी चुलीवर दूध तापवत खोकते आहे. सातवा महिना तिला, डोळे लालभडक. "धुराची सवय करून घे गं," मी म्हणते आणि डोळा लागतो.

चुलीपुढे आता आत्याबाई बसल्यात. माझी सासू. अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन, खोकत खोकतच गेल्या.

"काय करून ठेवलंस माझ्या चुलीचं?"

आल्या आल्या हेच. माझं डोकं फिरतं. "दर सोमवारी न चुकता सारवते. तुमच्या हातची चूल म्हणून एक पोपडा निघू दिला नाही."

"हात घाल आत."

घालते. मनगटाशीच अडकतो.

"माझा कोपरापर्यंत जायचा. मातीवर माती थापत बसलीस, खरवडलंस कधी? खाली राख गच्च, वर लाकडं कोंबलेली. वारा शिरायचा कुठनं? तुझं नाक दाबून तुला चढ चढायला लावला तर?"

आम्ही एसटी स्टँडवर आहोत. तिकिटाची खिडकी चुलीसारखी मातीनं सारवलेली, तिच्यातून धूर येतोय, रांगेतल्या बाया डोळे पुसतात, पण एकही बाजूला होत नाही.

"तुम्ही तरी कधी सांगितलंत?" मी ओरडते. "नवी नवरी असताना मी डोळे चोळायची, तर म्हणालात, सवय होईल. झाली. छातीत घरघर घेऊन फिरते मी."

"आणि तू पोरीला काय सांगितलंस आत्ता?"

मला जास्तच राग येतो. चूक कबूल करणं त्यांना जिवंतपणीही जमलं नाही. विळ्यानं पेरभर तुटलेलं मधलं बोट खुरप्यावर दाबत त्या खिडकी खरवडायला लागतात. मातीचे थर भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटतात.

"राख काढ. कौलाचे दोन तुकडे मांड, त्यावर लाकडं, तीही दोनच. खालून वारा लागू दे. धर हे."

खोकल्यानं जाग येते. रोहिणीच्या. चूल तशीच, सारवलेली, कुठे टवका उडालेला नाही.

पण माझ्या मुठीत सुकल्या मातीचा जाड पोपडा आहे. त्यावर सारवणाऱ्या हाताची चार बोटं उमटलीत. मधलं पेरभर आखूड.

मी रोहिणीला दंडाला धरून उठवते.

"काय झालं, आई?"

"बाहेर बस वाऱ्याला," मी म्हणते. "आणि आधी ते खुरपं दे इकडे."